वायूचे माप : बावीस पूर्णांक चार खरे की चोवीस?
विज्ञान-पाठ, मोठा गट (वय १३ ते १६)



तुमच्यापैकी जे जी.सी.एस.ई.चे रसायनशास्त्र शिकत आहेत, त्यांच्या पुस्तकात एक वाक्य आहे : कोणत्याही वायूचा एक मोल खोलीच्या तापमानाला २४ घन डेसिमीटर, म्हणजे २४ लिटर, जागा व्यापतो. आता हाच प्रश्न भारतात शिकलेल्या आई-बाबांना विचारा. रसायनशास्त्र सोडून वीस-पंचवीस वर्षे झाली असली तरी ते झोपेतूनही सांगतील, "बावीस पूर्णांक चार लिटर!" काही नव्या पुस्तकांत तर २२.७ असा तिसराच आकडा सापडतो.

मग खरे कोण? तिघेही खरे आहेत. ते कसे, हे या पाठात पाहू. त्यासाठी आधी एक साधा नियम समजून घ्यावा लागेल. वायू जितका जास्त, तितकी त्याला जागा जास्त. नियम एवढाच आहे, पण तो नीट समजायला जगातल्या हुशार माणसांनाही पन्नास वर्षे लागली. आणि हा नियम परीक्षेपुरताच नाही. स्वयंपाकघरात गॅसचा वास आला तर नाक कुठे न्यावे आणि खिडकी उघडावी की दार, हेही त्यातूनच कळते.

१. वायू मोजायचा म्हणजे काय मोजायचे?

तांदूळ मोजणे सोपे आहे. एक वाटी तांदूळ घेतले, त्यात आणखी एक वाटी घातले की दोन वाट्या. वायूचे तसे नाही. वायू ज्या भांड्यात ठेवाल ते सगळे भांडे भरतो. सायकलच्या चाकात पंपाने आणखी हवा भरली तर चाक दुप्पट मोठे होत नाही, ते फक्त कडक होते. म्हणजे जागा तेवढीच राहिली आणि दाब वाढला. उलट फुग्यात फुंकर मारली की फुगा मोठा होतो.

म्हणून वायूविषयी बोलताना चार गोष्टी सांगाव्या लागतात :

(अ) आकारमान, म्हणजे वायूने किती जागा व्यापली;
(आ) दाब, म्हणजे तो भांड्याच्या भिंतीला किती जोराने ढकलतो;
(इ) तापमान;
(ई) प्रमाण, म्हणजे मुळात किती वायू आहे, त्यात किती रेणू आहेत.

चारही गोष्टी एकदम बदलू दिल्या तर काहीच कळणार नाही. म्हणून शास्त्रज्ञ एक युक्ती करतात. दोन गोष्टी बांधून ठेवायच्या आणि उरलेल्या दोहोंचे नाते पाहायचे. दाब आणि तापमान बांधून ठेवले की उरतात आकारमान आणि प्रमाण. आजचा पाठ या दोघांच्या नात्याचा आहे.

२. नियम

दाब आणि तापमान कायम असताना वायूचे आकारमान त्याच्या प्रमाणाशी समप्रमाणात असते. प्रमाण दुप्पट केले तर आकारमान दुप्पट होते, निम्मे केले तर निम्मे. गणितात लिहायचे तर :

आकारमान ÷ मोल = कायम संख्या

खोलीच्या तापमानाला (२० अंश सेल्सिअस) आणि नेहमीच्या हवेच्या दाबाला ही कायम संख्या २४ आहे. म्हणून :

अर्धा मोल : १२ लिटर
एक मोल : २४ लिटर
दोन मोल : ४८ लिटर
पाव मोल : ६ लिटर

यात एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? कोणता वायू ते आपण सांगितलेच नाही. हायड्रोजन असो, ऑक्सिजन असो, की सोडावॉटरमधला कार्बन डायऑक्साइड असो, आकडा एकच. नियमाचा खरा नवलाचा भाग हाच आहे. एक मोल पाणी १८ मिलिलिटरमध्ये मावते, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे. एक मोल साखरेला त्याच्या दहापटीहून अधिक जागा लागते. द्रव आणि घन पदार्थांत प्रत्येकाची जागा वेगळी, मग वायूंतच सगळे सारखे का?

३. सगळे वायू सारखीच जागा का घेतात?

कारण वायूत जागा रेणूंनी भरलेली नसते. ती बहुतेक रिकामीच असते.

एक हिशेब पाहा. नेहमीच्या हवेत दोन शेजारी रेणूंमधले अंतर सरासरीने रेणूच्या स्वतःच्या आकाराच्या सुमारे दहापट असते. दादरच्या शिवाजी पार्कवर दहा-बारा मुले लांब लांब पांगून खेळत आहेत अशी कल्पना करा. त्यांतली दोन मुले जरा जाड आणि दोन बारीक असली, तर त्यामुळे मैदान लहान पडेल का? नाही. पण तीच मुले लोकलच्या डब्यात दाटीवाटीने उभी राहिली, तर कोण जाड आणि कोण बारीक याने फरक पडतो. मैदान म्हणजे वायू, आणि गर्दीचा डबा म्हणजे द्रव किंवा घन.

"पण जड रेणू भिंतीवर जास्त जोराने आदळत असतील, मग दाब जास्त नको का?" असा प्रश्न कुणी विचारला तर त्याला शाबासकी द्या, प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर असे : तापमान सारखे असले की सर्व वायूंच्या रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा सारखी असते. जड रेणू हळू चालतात, हलके रेणू भरधाव धावतात. जड पाहुणा दारावर सावकाश पण दणकट थाप मारतो. हलका पाहुणा हलक्या थापा मारतो, पण भराभर मारतो. दाराला बसणारा एकूण दाब सारखाच. म्हणून दाबासाठी रेणू कोणता आहे हे महत्त्वाचे नसते, रेणू किती आहेत हे महत्त्वाचे असते.

हा नियम अगदी काटेकोर नाही, हेही सांगून ठेवतो. रेणू एकमेकांना किंचित ओढतात आणि स्वतःही थोडी जागा घेतात. शून्य अंशाला एक मोल हायड्रोजन २२.४३ लिटर जागा घेतो, तर कार्बन डायऑक्साइड २२.२६ लिटर. फरक शेकड्यात एकाहूनही कमी. रोजच्या कामाला नियम उत्तम चालतो. मात्र वायू खूप दाबला किंवा खूप थंड केला, तर तो मोडतो.

४. पन्नास वर्षे अडलेली गोष्ट

आता थोडा इतिहास. आपल्या इथल्या मँचेस्टर शहरात जॉन डाल्टन राहत. सर्व पदार्थ अणूंचे बनलेले असतात आणि अणू फुटत नाही, हे त्यांनी १८०८ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात मांडले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये गे-ल्युसॅक यांनी एक शोध जाहीर केला. हे गृहस्थ मोठे धाडसी. हवेचे नमुने आणण्यासाठी १८०४ साली ते एकटे फुग्यात बसून सुमारे ७००० मीटर उंच गेले होते. वायूंचा एकमेकांशी संयोग होतो तेव्हा त्यांची आकारमाने नेहमी सोप्या पूर्ण संख्यांच्या प्रमाणात असतात, असे त्यांना आढळले. उदाहरणार्थ :

२ लिटर हायड्रोजन + १ लिटर ऑक्सिजन = २ लिटर पाण्याची वाफ
(तिन्ही एकाच तापमानाला आणि दाबाला मोजलेले)

इथे खरी अडचण सुरू झाली. समजा, प्रत्येक वायूच्या एका लिटरमध्ये १०० कण आहेत. (खरी संख्या फार मोठी आहे, पण हिशेबाला १०० पुरेत.) मग हायड्रोजनचे २०० कण आणि ऑक्सिजनचे १०० कण मिळून वाफेचे २०० कण झाले. वाफेच्या प्रत्येक कणात थोडा तरी ऑक्सिजन हवाच. कण झाले २०० आणि ऑक्सिजनचे कण होते १००. म्हणजे ऑक्सिजनच्या प्रत्येक कणाचे दोन तुकडे झाले!

डाल्टन म्हणाले, अणू फुटत नाही, तेव्हा हे अशक्य. सारख्या आकारमानात सारखे कण असतात ही कल्पनाच चूक असली पाहिजे. गे-ल्युसॅक यांच्या मोजमापांवरही त्यांचा विश्वास बसला नाही. डाल्टन यांच्या बाजूने आणखी एक प्रश्न विचारता येत होता : वाफेच्या कणात ऑक्सिजन आहे आणि वर हायड्रोजनही आहे, मग एक लिटर वाफ एक लिटर ऑक्सिजनपेक्षा जड हवी. प्रत्यक्षात ती हलकी भरते. हे कसे?

हा पेच इटलीतल्या एका माणसाने सोडवला. आमेदेओ ॲव्होगाड्रो यांचा जन्म १७७६ साली तुरीन शहरात झाला. शिक्षण कायद्याचे; विसाव्या वर्षी ते कायद्याचे डॉक्टर झाले. पण मन रमले गणितात आणि भौतिकशास्त्रात. पुढे ते व्हेर्चेल्ली गावात शिकवू लागले, आणि तिथे असतानाच १८११ साली त्यांनी एका फ्रेंच नियतकालिकात आपला निबंध छापला. त्यात दोन गोष्टी होत्या :

पहिली : समान तापमान आणि समान दाब असताना सर्व वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते.

दुसरी : वायूचा सर्वांत लहान मोकळा कण एकटा अणू असलाच पाहिजे असे नाही. ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंची जोडी आहे, आणि हायड्रोजनचाही.

बस्स, पेच सुटला. फुटला तो रेणू, अणू अखंडच राहिला. ऑक्सिजनच्या १०० जोड्या सुटल्या, २०० अणू मोकळे झाले, आणि वाफेच्या प्रत्येक रेणूला एकेक मिळाला. वजनाचा प्रश्नही सुटला. ऑक्सिजनची जोडी ३२ एकक वजनाची, तर पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एकच अणू (१६) आणि हायड्रोजनचे दोन (२), मिळून १८. म्हणून वाफ हलकी!

इतके स्वच्छ उत्तर मिळाले तरी जगाने लक्ष दिले नाही. एकाच मूलद्रव्याचे दोन अणू एकमेकांना कशाला धरून राहतील, असे त्या काळच्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञांना वाटे. याचा परिणाम काय झाला ते पाहा. पाण्यात एक ग्रॅम हायड्रोजनमागे आठ ग्रॅम ऑक्सिजन असतो, हे वजन करून कळत होते. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचा एकच अणू मानला तर ऑक्सिजनच्या अणूचे वजन ८ येते, दोन मानले तर १६ येते. कोणी आठ धरी, कोणी सोळा. एकाच पदार्थाची सूत्रे निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळी छापली जात. दुकानदाराचा शेर वेगळा आणि गिऱ्हाइकाचा वेगळा, अशी सारी गत होती.

शेवटी हा घोळ मिटवण्यासाठी सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे रसायनशास्त्रज्ञांची मोठी परिषद भरली. तिथे इटलीच्याच स्तानिस्लाओ कानिझ्झारो यांनी ॲव्होगाड्रो यांचा नियम वापरला तर सगळी अणुभारांची वजने कशी जुळतात हे समजावून सांगितले. त्यांची छापील पुस्तिका तिथे वाटली गेली. परिषदेला आलेल्या तरुणांत रशियाचे मेंडेलीव्ह होते. पुढे १८६९ साली त्यांनी आवर्तसारणी तयार केली. अणुभार बरोबर नसते, तर ती जुळलीच नसती.

ॲव्होगाड्रो मात्र हे पाहायला नव्हते. १८५६ साली, परिषदेच्या चार वर्षे आधी, त्यांचे निधन झाले होते.

५. मोल म्हणजे काय, आणि तीन आकड्यांचे कोडे

केळी डझनावर घेतात, कागद रिमावर घेतात, तसे रेणू मोलावर घेतात. डझनात १२ नग, रिमात ५०० कागद, आणि मोलात किती? ६०२ लिहून त्यापुढे २१ शून्ये द्या, साधारण तेवढे. या संख्येला ॲव्होगाड्रो अंक म्हणतात. गंमत अशी, की ही संख्या स्वतः ॲव्होगाड्रो यांनी कधीच काढली नाही. फ्रान्सच्या झाँ पेरँ यांनी ती मोजण्याचे काम केले आणि तिला त्यांचे नाव दिले. २० मे २०१९ पासून मोलाची व्याख्याच या संख्येवरून केली जाते.

एका मोलाचे वजन काढणे सोपे आहे. रेणूचे वजन जितकी एकके, तितके ग्रॅम. ऑक्सिजन ३२ ग्रॅम, कार्बन डायऑक्साइड ४४ ग्रॅम, हेलियम ४ ग्रॅम.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. नियमात "दाब आणि तापमान कायम असताना" अशी अट आहे. अट बदलली की आकडा बदलतो :

आई-बाबांचा आकडा २२.४ : तापमान ० अंश, दाब १ ॲटमॉस्फिअर.
नव्या पुस्तकांतला आकडा २२.७ : तापमान ० अंश, दाब १ बार. (रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने १९८२ साली प्रमाण दाब म्हणून बार ठरवला. बार ॲटमॉस्फिअरपेक्षा किंचित कमी असतो. दाब कमी झाला म्हणून जागा किंचित वाढली.)
तुमचा आकडा २४ : तापमान सुमारे २० अंश, दाब १ ॲटमॉस्फिअर.

पडताळा पाहायचा? दाब कायम असेल तर आकारमान केल्व्हिन तापमानाच्या प्रमाणात वाढते. शून्य अंश म्हणजे २७३ केल्व्हिन आणि वीस अंश म्हणजे २९३ केल्व्हिन. २२.४ × २९३ ÷ २७३ = २४.०. जुळले! मे महिन्यात नागपूरला ४५ अंश उन्हात हाच आकडा २६.१ होईल. वायू तोच, रेणू तितकेच. तेव्हा कोणाचाही आकडा ऐकला की आधी विचारायचे, "कोणत्या तापमानाला? कोणत्या दाबाला?"

६. करून पाहा : दोन फुगे

(घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या.)

साहित्य : अर्ध्या लिटरच्या दोन रिकाम्या बाटल्या, मोठे दोन फुगे, पांढरे व्हिनेगर, खाण्याचा सोडा, नरसाळे, दोरा, मोजपट्टी, वजनकाटा.

कृती : प्रत्येक बाटलीत १५० मिलिलिटर व्हिनेगर ओता. एका फुग्यात नरसाळ्याने ३.५ ग्रॅम सोडा भरा, दुसऱ्यात ७ ग्रॅम. काटा अर्धा ग्रॅम दाखवत नसेल तर ७ ग्रॅम सोडा कागदावर पसरून त्याचे दोन सारखे भाग करा, एक भाग म्हणजे ३.५. फुग्याचे तोंड बाटलीच्या तोंडावर घट्ट बसवा, मग फुगा उचलून सोडा आत पाडा. फेस बसला की बाटली हलकेच हलवा आणि दोऱ्याने फुग्याचा सर्वांत मोठा घेर लगेच मोजा. वेळ लावू नका, कारण रबरातून हा वायू हळूहळू निसटतो. बाटलीला झाकण मात्र कधीही लावू नका, ती फुटू शकते.

हिशेब : सोड्याचा एक मोल ८४ ग्रॅमचा असतो, आणि त्याच्या प्रत्येक मोलामागे कार्बन डायऑक्साइडचा एक मोल मिळतो. ८४ ग्रॅम सोड्यापासून २४ लिटर, म्हणून ३.५ ग्रॅमपासून १ लिटर आणि ७ ग्रॅमपासून २ लिटर. (आई ढोकळ्यात चमचाभर सोडा घालते, त्यात लिटरभराहून जास्त वायू दडलेला असतो. त्यातला थोडाच पिठात अडकतो, पण तेवढ्याने ढोकळा फुलतो.)

पण जपून! सोडा दुप्पट म्हणजे घेरही दुप्पट, असे समजू नका. गोल फुग्याचे आकारमान १ लिटर असेल तर घेर सुमारे ३९ सेंटिमीटर येतो, २ लिटर असेल तर सुमारे ४९. नियम आकारमानाचा आहे, घेराचा नाही. तुमचे आकडे याहून थोडे कमी येतील, कारण थोडा वायू व्हिनेगरमध्ये विरघळतो, रबर त्याला दाबून धरते, आणि फुगा काही चेंडूसारखा अगदी गोल नसतो.

७. गॅसचा वास आला तर

समान आकारमानात रेणू समान, म्हणून ज्याचा रेणू जड तो वायू जड. हवेत मुख्यतः नायट्रोजन (२८) आणि ऑक्सिजन (३२), तेव्हा हवेची सरासरी सुमारे २९ धरा. आता या २९ शी तुलना करा :

इथल्या घरांत पाइपने येणारा गॅस मुख्यतः मिथेन, १६. हवेपेक्षा बराच हलका, म्हणून वर चढतो आणि छताशी साठतो.
भारतातल्या सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन (४४) आणि ब्युटेन (५८) यांचे मिश्रण. हवेच्या दीडपट ते दुप्पट जड, म्हणून खाली उतरतो आणि पाण्यासारखा जमिनीवर पसरतो. इथेही कॅम्पिंगला किंवा कॅरव्हॅनमध्ये हेच गॅस असतात.
कार्बन मोनॉक्साइड, २८. जवळजवळ हवेइतकाच, म्हणून वर जात नाही, खाली बसत नाही, हवेत मिसळून राहतो.

सुट्टीत आजीकडे गेलात की हे लक्षात ठेवा. सिलिंडरचा गॅस गळत असेल तर तो ओट्याखाली आणि कोपऱ्यात साठतो. उंचावरची खिडकी उघडून भागत नाही, जमिनीपर्यंत पोचणारे दारही उघडावे लागते. मुंबई-पुण्यात आता पुष्कळ घरांत पाइपचा गॅस असतो. तिथे वरची खिडकी कामाची.

किती गॅस धोक्याचा? हिशेब करू. स्वयंपाकघर ३ मीटर लांब, २.५ मीटर रुंद, ३ मीटर उंच असेल तर आत सुमारे २२,५०० लिटर हवा मावते. सिलिंडरचा गॅस हवेत शेकडा दोनच्या आसपास झाला की ठिणगीने भडकू शकतो. शेकडा दोन म्हणजे ४५० लिटर. ४५० ÷ २४ = सुमारे १९ मोल. मिश्रणाच्या एका मोलाचे वजन सरासरी ५० ग्रॅम धरले, तर १९ × ५० = ९५० ग्रॅम. भरलेल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. म्हणजे त्याचा पंधरावा भाग साऱ्या खोलीला पुरतो. आणि गॅस खोलीभर सारखा न पसरता जमिनीलगत साठला, तर याहून कितीतरी कमी गॅसही पुरतो.

म्हणून वास आला तर : दिवा, पंखा, एक्झॉस्ट, कोणतेही बटण लावू नका आणि बंदही करू नका. काडी पेटवू नका. शेगडी आणि रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, सर्वांना बाहेर काढा आणि बाहेरून फोन करा. इथला गॅसचा तातडीचा क्रमांक ०८०० १११ ९९९, भारतात सिलिंडरच्या गॅससाठी १९०६. गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र कसलाच वास नसतो. त्यासाठी भिंतीवरचा अलार्म हाच आपला पहारेकरी. आज घरी गेल्यावर त्याचे बटण दाबून तो वाजतो का ते पाहा.

शब्दार्थ

आकारमान – व्यापलेली जागा. शाळेत ज्याला व्हॉल्यूम म्हणता ते
रेणू – मॉलिक्यूल
अणू – ॲटम
दाब – प्रेशर
समप्रमाण – एक दुप्पट झाले की दुसरेही दुप्पट होणे
मूलद्रव्य – एलिमेंट
आवर्तसारणी – पिरिऑडिक टेबल
घेर – गोल वस्तूभोवती दोरा गुंडाळून येणारी लांबी
पेच – सुटायला अवघड अशी अडचण

स्वाध्याय

१. २० अंशाला एका फुग्यात ६ लिटर हेलियम आहे. तो किती मोल? किती ग्रॅम? फुग्याच्या रबराचे वजन ३ ग्रॅम असेल तर फुगा आणखी किती वजन उचलेल?
२. मुंबईत घेतलेले वेफर्सचे बंद पाकीट महाबळेश्वरला नेले तर फुगते. आतले रेणू वाढले का?
३. पावसाळ्यातली दमट हवा त्याच तापमानाच्या कोरड्या हवेपेक्षा जड की हलकी?
४. ११ ग्रॅम प्रोपेन गळला. २० अंशाला तो किती जागा व्यापेल?
५. ३० अंशाला एक मोल वायू किती लिटर होईल?
६. सिलिंडरचा गॅस खाली का उतरतो हे आजीला फोनवर पाच मराठी वाक्यांत सांगा. नियम वापरायचा, पण "मोल" हा शब्द न वापरता.

उत्तरे (आधी स्वतः करा, मगच पाहा)

१. पाव मोल, १ ग्रॅम. तेवढ्याच जागेतली हवा २९ ÷ ४ = ७.२५ ग्रॅम. ७.२५ − १ − ३ = ३.२५ ग्रॅम उचलेल.
२. नाही. उंचावर बाहेरचा दाब कमी, म्हणून तेवढेच रेणू जास्त जागा व्यापतात. दाबाची अट मोडली आहे.
३. हलकी. तेवढ्याच जागेत रेणू तितकेच, पण २८ आणि ३२ च्या काही रेणूंची जागा पाण्याच्या १८ च्या रेणूंनी घेतली.
४. पाव मोल, म्हणून ६ लिटर.
५. २२.४ × ३०३ ÷ २७३ = सुमारे २४.९ लिटर.
६. पाच वाक्ये वहीत लिहून पुढच्या शनिवारी वर्गात आणा. आजीने काय उत्तर दिले तेही लिहा.